काट्याच्या थ्रेडबद्दल आभार

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावाजवळच्या जिनिंगसाठी मी जावा या संगणकभाषेत लिहिलेला वजनकाट्याचा प्रोग्राम आपण दोन रात्री फोनवर बसून मार्गी लावून दिलात. त्याबद्दल हे पत्र उघडपणे लिहीत आहे, कारण माझीच चूक करणारे आणखीही असतील.

काट्याचे वजन वाचणारा थ्रेड (प्रोग्राममध्ये स्वतंत्रपणे चालणारे काम) ‘बंद करा’ या बटणावर मी सरळ स्टॉप मेथडने, म्हणजे जावातल्या तयार आज्ञेने, मारत होतो. एका संध्याकाळी शेवटची गाडी काट्यावर असतानाच मुनीमजींनी घाईत बटण दाबले. पावती छापून निघाली, पण कापसाचे वजन कास्तकाराच्या खात्यात चढलेच नाही, आणि पडद्यावर चूक दाखवणारी एक ओळही आली नाही. आपण पहिलाच प्रश्न विचारलात, “थ्रेड मेला तेव्हा कुलूप कोणाकडे होते?” सिंक्रोनाइज्ड ब्लॉकच्या, म्हणजे कुलूप धरून एका वेळी एकाच थ्रेडने चालवायच्या भागाच्या, मध्येच थ्रेड मारला की त्याने धरलेली सगळी कुलपे सुटतात आणि अर्धवट हिशेब दुसऱ्या थ्रेडच्या हाती पडतो, म्हणूनच ही मेथड १९९८ च्या जावा १.२ पासून टाळायला सांगितली आहे, हे मला तेव्हा कळले. (२०२३ च्या जावा २० मध्ये ती नुसते एक्सेप्शन, म्हणजे अडचणीची सूचना, फेकते, आमच्या जुन्या संगणकावर जावा ८ असल्याने ती निमूट चालत राहिली.)

आपल्या सांगण्यावरून इंटरप्ट, म्हणजे थ्रेडला थांबण्याची विनंती, लावला, तरी थ्रेड थांबेना. दोष एक्सेप्शन पकडणाऱ्या माझ्या रिकाम्या कॅच ब्लॉकचा निघाला. स्लीपमध्ये असलेल्या थ्रेडला इंटरप्ट केले की एक्सेप्शन येते आणि थांबण्याची खूण पुसली जाते. ते एक्सेप्शन मी गिळत असल्यामुळे वजन पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या लूपपर्यंत निरोप जातच नव्हता. तिथे आपण एकच ओळ लिहून घेतलीत: चालू थ्रेडवर पुन्हा इंटरप्ट. त्या ओळीवाचून मी चार दिवस घालवले होते, हे लिहिताना आजही ओशाळायला होते.

सॉकेटवर, म्हणजे काट्याशी असलेल्या नेटवर्क जोडणीवर, वजनाची वाट पाहत अडकलेला थ्रेड इंटरप्टलाही दाद देत नाही, म्हणून दुसऱ्या थ्रेडमधून सॉकेटच बंद करायचे आणि जॉइन करून, म्हणजे त्या थ्रेडची वाट पाहून, तो खरोखर संपल्यावरच ‘काटा बंद’ दाखवायचे, हेही आपण सुचवलेले.

आता खूण लूपच्या तोंडाशी तपासली जाते, त्यामुळे हातातल्या गाडीची नोंद पुरी करूनच थ्रेड बाहेर पडतो. त्या कास्तकाराचे वजन पावतीवरून खात्यात चढवले आणि त्याचा चुकाराही झाला. संक्रांतीला इकडे येणे झाले तर काट्यावर अवश्य यावे. गाडी उभी असताना ते बटण आपल्याच हाताने दाबून पाहावे, ही विनंती.

आपला नम्र,
काट्यावरचा प्रोग्रामर