मुलं समुपदेशकाकडे का फिरकत नाहीत?

महोदय,

शाळेत समुपदेशक असूनही मुलं त्यांच्याकडे फिरकत नाहीत, ही तक्रार वारंवार ऐकू येते. बहुतेकदा कारण साधं असतं. भर वर्गातून नाव पुकारून मुलाला बोलावतात आणि त्याचं बोलणं लगेच शिक्षक-पालकांपर्यंत पोचतं. एकदा असं झालं की ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही. पहिल्याच भेटीत सांगायला हवं, 'तुझं बोलणं माझ्याजवळ राहील. पण कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुझा छळ करत असेल, तर मला इतरांची मदत घ्यावी लागेल, आणि तेही तुला सांगूनच.'

किशोरवयातलं नैराश्य अनेकदा चिडचिडीतूनच दिसतं. झोप, भूक, अभ्यास, मैत्री यांतला बदल २ आठवडे टिकला तर वाट पाहू नये. 'जगणं नकोसं वाटतं का?' असं थेट विचारायला पालक घाबरतात. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट मुलाला बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं, तर रागावू नये, शपथा घालू नयेत. मुलाला एकटं सोडू नये, औषधं, कीटकनाशकं, धारदार वस्तू कुलपात ठेवाव्यात आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठावं.

– काही शालेय समुपदेशक