बाबांचा स्कॅन ठरवला आहे

ती. आई-बाबांना,
सा. न.

आधी सांगून टाकते. बाबांच्या हृदयाच्या स्कॅनची वेळ मी घेतली आहे, पुढच्या गुरुवारी सकाळी. विचारलं नाही, कारण तुम्ही "बघू" म्हणाला असतात, आणि आपल्या घरातल्या "बघू"चं काय होतं ते काकांच्या वेळी पाहिलंय.

बाबा, 'किरणोत्सारी' शब्द ऐकताच तुम्ही फोन आईकडे दिलात, तेव्हापासून मला चैन नाही. तुमच्या शिरेत रुबिडियम-८२ हे किरणोत्सारी द्रव्य सोडतील. हृदयाचा स्नायू ते पोटॅशियमसारखंच ओढून घेतो. जिथे रक्त कमी पोचतं तो भाग चित्रात फिका दिसतो. आधी निवांत असताना चित्र, मग औषधाने रक्तवाहिन्या रुंदावून. गुडघ्यांना पट्ट्यावर चालायचं नाही, विचारून घेतलंय.

रुबिडियमचं अर्धायुष्य जेमतेम ७६ सेकंद, सव्वा मिनिट धरा. सव्वा मिनिटात निम्मं, अडीच मिनिटांत पाव. मांडीवर बसवून निमकी तुम्हीच घोकून घेतलीत ना? मग करा हिशेब: १३ मिनिटांत हजारावा हिस्साही उरत नाही. बाटलीत भरून आणायलासुद्धा सवड नसते; शेजारच्या यंत्रात स्ट्रॉन्शियम-८२ पासून ते तयार होत राहतं आणि नळीतून थेट हातात येतं. टेक्नेशियम या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्याचा स्कॅनही चांगलाच, पण त्याचं अर्धायुष्य ६ तास. चिमणीला काही तास जवळ घेऊ नका म्हणाले असते, आणि ते तुमच्याच्याने झालं नसतं.

औषधाने दोन-चार मिनिटं छाती जड वाटेल, धाप लागेल. डॉक्टर शेजारीच असतात. थंडी वाजली तर पांघरूण मागा, भिडेखातर कुडकुडू नका. हात डोक्याकडे वर ठेवावे लागतात, तेव्हा खांद्याचं आधीच सांगा.

आता ऐका. बुधवारी सकाळपासून चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. कॅफीन पोटात असलं की ते रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध नीट लागू पडत नाही. "अर्धाच कप" नाही, तिथे निमकी चालत नाही! साखरेच्या गोळीचं डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. आई, त्यांच्या शर्टाच्या खिशातल्या कॉफीच्या गोळ्या मंगळवारी रात्रीच काढून घे. आणि तू जागत बसू नकोस.

मी बुधवारी रात्री पोचते. रागवायचं असेल तर गुरुवारी, चहा झाल्यावर रागवा.

तुमची,
ठमी