ऐरणीवरचा आकडा वजनाचा, अनुक्रमांक नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवार पुरवणीतला जुन्या ऐरणींवरचा लेख आवडीने वाचला. पीटर राइट या इंग्रजी कारखान्याबद्दल मराठीत कोणी लिहितं, हेच मुळात अप्रूप! पण ऐरणीच्या बाजूला ठोकलेल्या 1-2-10 या आकड्यांतून लेखकाने 1210 हा अनुक्रमांक काढला, तेव्हा राहवलं नाही.

ते वजन आहे. डडलीच्या या कारखान्यात वजन हंड्रेडवेटमध्ये ठोकत. पहिला आकडा 112 पौंडांचा, दुसरा त्याच्या पावाचा, म्हणजे 28 पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. 112 अधिक 56 अधिक 10, झाले 178 पौंड; सुमारे 81 किलो. दुसऱ्या जागी 3 च्या वर आणि तिसऱ्या जागी 27 च्या वर आकडा दिसला, तर वाचण्यात घोळ झाला समजावं. बाजूला खडू घासून तिरपा उजेड टाकला की झिजलेले आकडेही उठून दिसतात. वयाचा अंदाज हवा तर ‘इंग्लंड’ हा शब्द शोधावा. 1890 च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. तो शब्द असलेली ऐरण बहुधा त्यानंतरची.

‘खणखणत नाही ती ऐरण नकली’ हे विधानही सरसकट खरं नाही. अमेरिकेत ट्रेंटनला फिशर अँड नॉरिसचा कारखाना होता. मार्क फिशर यांचं पेटंट 1847 चं. साच्यात पोलादाची पट्टी ठेवून तिच्यावर वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं, दोन्ही एकजीव. बीड आवाज गिळतं, म्हणून बाजूला गरुड असलेली ही ऐरण घण बसला तरी नुसती धप्प वाजते. उभी नोकरी वर्कशॉपमध्ये पोरांचे घाव ऐकण्यात गेली; माझ्या कानांना विचाराल तर हा तिचा गुणच.

सर्वांत घातक म्हणजे माथा ग्राइंडरने चकाचक करण्याचा सल्ला. पीटर राइटच्या घडीव लोखंडी अंगावर पोलादाची पट्टी जेमतेम बोटभर जाड असते. ती घासली की कठीण थर जातो आणि खाली उरतं मऊ लोखंड. माथा थोडा खोलगट झाला असेल तर असू द्यावा, वाकलेली सळई सरळ करायला तो उलट बरा पडतो.

कुणी ग्राइंडर हाती घेण्याआधी, निदान एवढी शेवटची दुरुस्ती तरी येत्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कार्यशाळा निदेशक