व्हिएन्नाचे ऑपेरा हाउस आतून पाहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

युरोप दाखवणाऱ्या बऱ्याच सहलींत व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेराच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटे येतात. बस थांबते, कमानींसमोर फोटो होतात, बस निघते. आमच्याही कार्यक्रमपत्रिकेत एवढेच होते. मोकळ्या दुपारी आम्ही काही जण मात्र तिकीट काढून आत गेलो आणि मार्गदर्शकाबरोबर सुमारे चाळीस मिनिटे ती वास्तू पाहिली. ही फेरी कोणी चुकवू नये, म्हणून हे पत्र.

‘ऑपेरातले आपल्याला काय कळते?’ असे म्हणून अनेक जण बाहेरच थांबले. पण ही फेरी समजायला ते गाणे कळावे लागत नाही. हौशी नाटकासाठी का होईना, पण जो कधी विंगेत उभा राहिला आहे, त्याचा तर इथून पाय निघत नाही.

भव्य संगमरवरी जिना, त्यावरचे पुतळे, चित्रे, सोनेरी नक्षी हे सगळे 1869 सालचे. तिथून प्रेक्षागृहात शिरलो की एकदम साधेपणा जाणवतो. सज्जे घोड्याच्या नालेसारखे, रंग लाल, पांढरा नि सोनेरी, पण नक्षीकाम अगदी बेताचे. 12 मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात प्रेक्षागृह आणि रंगमंच जळून गेले. दर्शनी भाग आणि जिना वाचला. नवे प्रेक्षागृह उभारताना जुन्याची हुबेहूब नक्कल केली नाही, आणि ते योग्यच झाले असे मला वाटते. काय वाचले आणि काय गेले, ते दोन दालने ओलांडताना आपोआप दिसते. 5 नोव्हेंबर 1955 रोजी बीथोव्हेनच्या ‘फिडेलिओ’ने पडदा पुन्हा उघडला. कैदेतून सुटकेची ही कथा. दोस्त राष्ट्रांचे सैन्य ऑस्ट्रियातून बाहेर पडून तेव्हा काही दिवसच झाले होते. ज्यांना आत जागा मिळाली नाही, त्यांनी रस्त्यावर उभे राहून ध्वनिक्षेपकांवरून प्रयोग ऐकला.

रंगमंचावर आम्ही गेलो तेव्हा आदल्या रात्रीचे नेपथ्य उतरवण्याचे काम चालू होते. इथे जवळपास रोज वेगळा प्रयोग असतो, त्यामुळे कामगारांना उसंत नाही. एक जण भल्यामोठ्या फळीच्या पाठीवर खडूने लिहिलेला आकडा वाचत होता, दुसरा त्या आकड्याप्रमाणे तिला गाडीवर चढवत होता. पुढून दगडी वाटणारी भिंत मागून लाकूड आणि कापड! रात्री टाळ्या घेणाऱ्यांइतकाच मान या माणसांना आहे, हे तिथे उभे राहिल्यावर पटते.

आग लागल्यास रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये सोडायचा लोखंडी पडदाही तिथेच पाहायला मिळतो. 1881 मध्ये याच शहरातल्या रिंग थिएटरला आग लागून शेकडो प्रेक्षक मृत्युमुखी पडले. नाट्यगृहांच्या सुरक्षेचे नियम त्यानंतर कडक झाले. आपण नाट्यगृहात आणीबाणीचे दार कुठे आहे हेदेखील पाहत नाही, याची तिथे फार जाणीव झाली.

सर्वांत चटका लावते ती वास्तुरचनाकारांची हकीकत. बांधकाम सुरू झाल्यावर समोरच्या रस्त्याची पातळी वाढवली गेली आणि इमारत खचल्यासारखी दिसू लागली. लोकांनी तिला ‘बुडालेली पेटी’ म्हणून हिणवले. एदुआर्द फान डेर न्युल यांनी 1868 मध्ये आत्महत्या केली. त्यांचे सहकारी सिकार्ड्सबुर्ग काही आठवड्यांतच आजाराने गेले. उद्घाटन पाहणे दोघांच्याही नशिबी नव्हते. आज त्याच इमारतीसमोर फोटोसाठी रांगा लागतात, पण ही दोन नावे बसमधल्या माहितीत आलीच नव्हती.

सहल आखणाऱ्यांना विनंती अशी, की खरेदीसाठी ठेवलेल्या वेळातला एक तास इथे द्यावा. फेऱ्यांच्या वेळा तालमींप्रमाणे बदलतात, तेव्हा त्या आधी पाहून ठेवाव्यात. स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनीही तेच करावे, आणि जमल्यास त्याच रात्रीचे उभ्याचे स्वस्त तिकीट मिळते का ते पाहावे.

आपला,
एक वाचक