नोकरी सोडण्याआधी तुम्ही भेटलात, ताई

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरी पाठवता आलं असतं. पण तुम्ही आम्हाला जे सांगितलंत ते पन्नाशीच्या आसपास नोकरी सोडायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडावं असं मनापासून वाटतं, म्हणून जाहीरपणे लिहिते आहे. तुमचं नाव मुद्दामच घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही.

नोकरी सोडायची ठरवली तेव्हा माझी बाकीची गणितं मांडून झाली होती. पीएफ, ग्रॅच्युइटी, म्युच्युअल फंड, घराचं फिटलेलं कर्ज, मुलीचं संपत आलेलं शिक्षण, सगळं वहीत होतं. गाडी अडली होती ती आरोग्य विम्यापाशी. ह्यांचा स्वतःचा व्यवसाय, त्यात मधुमेह, आणि दोघांचाही विमा माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीवर. माझ्या शेवटच्या दिवसाबरोबर तो संपणार होता. चौकशी सुरू केली तर एका कंपनीने ह्यांचं वय आणि शुगर ऐकूनच नकार दिला. एका एजंटने सल्ला दिला, ‘शुगरचं लिहूच नका, प्रीमियम बराच खाली येईल.’ राजीनामा टाइप होऊन पडला होता, द्यायचा धीर होत नव्हता.

तुम्ही मैत्रिणीच्या मावशी. विमा कंपनीच्या क्लेम विभागात तुमची सगळी नोकरी गेलेली. तुम्हाला आम्हाला काहीही विकायचं नव्हतं. पहिल्या भेटीत तुम्ही विचारलंत, “राजीनामा दिला नाहीस ना अजून?” नाही म्हटल्यावर तुमच्या चेहऱ्यावर दिसलेलं समाधान मला तेव्हा कळलं नव्हतं. आता पूर्ण कळतं.

कारण तुमचं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती होतं: विम्याची सोय नोकरीत असतानाच करायची. ग्रुप पॉलिसीत बहुतेक वेळा जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. स्वतः नवी पॉलिसी घेतली की मात्र वेटिंग पिरियड लागतो, म्हणजे तेवढा काळ त्या आजाराचा खर्च विम्यातून मिळत नाही. जुन्या आजारांसाठी तो जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो (२०२४च्या नियमांआधी ४८ होता, हेही तुम्हीच सांगितलंत), आणि मोतीबिंदू, हर्निया, सांधेबदल अशा ठरावीक शस्त्रक्रियांची वेगळी प्रतीक्षा असते. म्हणजे नोकरी सुटल्यावर नव्याने सुरुवात करायची तर ज्या आजाराची भीती, नेमक्या त्यालाच तीन वर्षं संरक्षण नाही. नोकरीत असतानाच स्वतःची पॉलिसी सुरू केली तर ही वर्षं कंपनीच्या छत्राखाली निघून जातात. ऐकायला किती साधं आहे! पण मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. ना एचआरने, ना एजंटने, ना ज्यांच्याकडे आम्ही पैशाचं नियोजन करून घेतलं त्यांनी.

माझ्याकडे तीन वर्षं नव्हती. म्हणून तुम्ही दुसरा रस्ता दाखवलात. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम असलेल्या) पॉलिसीत जाता येतं, आणि ग्रुपमध्ये सलग काढलेल्या वर्षांचं श्रेय वेटिंग पिरियडमध्ये मिळतं. याला मायग्रेशन म्हणतात. तिथून पुढे रिन्युअलच्या वेळी हे श्रेय न गमावता दुसऱ्या कंपनीत जाता येतं, म्हणजे पोर्ट करता येतं, पण अर्ज रिन्युअलच्या किमान ४५ दिवस आधी गेला पाहिजे. ऑफिसात मी हे विचारलं तेव्हा एचआरमधल्या मुलीने असं काही असतं हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. तुम्ही मला मेलचा मजकूर तोंडी सांगितलात, कुणाला पाठवायचा तेही सांगितलंत, आणि किती वर्षं आम्ही दोघं कव्हरमध्ये होतो याचं पत्र नोकरी सोडण्याआधीच हातात घ्यायला लावलंत. “एकदा आयडी कार्ड जमा झालं की तुझा मेल कुणी उघडत नाही,” हे तुमचं वाक्य. ते पत्र पुढे फार उपयोगी पडलं.

तुम्ही खोटी आशाही दाखवली नाहीत. मायग्रेशनमध्ये कंपनी तब्येत तपासू शकते, लोडिंग म्हणजे आजारामुळे जादा प्रीमियम लावू शकते, आणि श्रेय मिळतं ते जुन्या विमा रकमेपुरतंच, हे आधीच सांगितलंत. आमचं ग्रुपचं कव्हर ५ लाखांचं होतं. १० लाखांचं घेतलं असतं तर वरच्या ५ लाखांना वेटिंग पिरियड नव्याने लागला असता. ह्यांच्या शुगरवर लोडिंग लागलंच. पण आकडा आधीपासून मनात धरलेला होता, त्यामुळे जड गेलं नाही.

आता प्रपोजल फॉर्मबद्दल, म्हणजे पॉलिसी मागताना भरायच्या अर्जाबद्दल. त्याबद्दल तर मी तुमची कायमची ऋणी आहे.

तुमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघं रिपोर्टच्या फायली घेऊन बसलो होतो. मी मधुमेह आणि गोळ्यांची नावं लिहिली आणि पान उलटणार तोच तुम्ही फाइल ओढून घेतलीत. जुन्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’. डॉक्टरांनी कधी औषधसुद्धा दिलं नव्हतं. हे म्हणाले, “हे काय, निम्म्या लोकांना असतं.” तुम्ही शांतपणे म्हणालात, “असू दे. लिहा.” मग शुगर नक्की कधीपासून, हा प्रश्न. ह्यांनी सवयीने ‘झाली असतील आठ-दहा वर्षं’ म्हटलं. तुम्ही पेन खाली ठेवलंत. “हे वाक्य पुन्हा कधीही, कुणासमोरही बोलू नका.”

आणि मग तुम्ही ते समजावून सांगितलंत. पेशंटला दाखल करताना निवासी डॉक्टर घाईघाईत विचारतात, काही जुना आजार? घाबरलेला नातेवाईक अंदाजाने सांगतो, दहा वर्षांपासून शुगर आहे. केस पेपरवर तेच उतरतं. फॉर्मवर चार वर्षं लिहिलेली असतात. क्लेम विभागात बसलेला माणूस हे दोन कागद शेजारी ठेवतो, आणि तिथून ‘माहिती लपवली’ हा शेरा सुरू होतो. पेशंटने काहीच लपवलेलं नसतं, तारखा जुळत नसतात एवढंच. अशी प्रकरणं तुमच्या टेबलावरून किती गेली असतील! ते सांगताना तुमचा आवाज जड झाला होता. तुम्ही ह्यांच्या पहिल्या एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टची तारीख शोधायला लावलीत आणि फॉर्मवर तीच घातलीत. त्या रिपोर्टची झेरॉक्स आज आमच्या दवाखान्याच्या पिशवीत सगळ्यात वर असते.

सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती दिली नाही या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून, हा नियम मी कुठेतरी वाचला होता आणि तुम्हाला विचारलाही होता. तुम्ही म्हणालात, नियम खरा आहे, पण त्याच्या भरवशावर फॉर्म भरायचा नसतो; पाच वर्षांच्या आत दाखल व्हावं लागलं तर काय करणार? त्या एजंटचा सल्ला ऐकला असता तर काय झालं असतं, हा विचार आजही येतो.

स्वस्त पॉलिसी आणि परवडणारी पॉलिसी यांतला फरक तुम्ही आकडे मांडून दाखवलात. मला एक पॉलिसी फार आवडली होती, प्रीमियम चांगलाच कमी. तुम्ही थेट रूम रेंटच्या मर्यादेवर बोट ठेवलंत. खोलीची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये आणि आपण १०,०००च्या खोलीत राहिलो तर कापले जातात ते फक्त वरचे ५,००० नव्हेत. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च, डॉक्टरांच्या व्हिजिट, हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं, म्हणजे निम्मंच मिळतं. औषधं आणि इम्प्लांट यांतून सुटतात, पण मोठ्या ऑपरेशनला उरलेलं बिलच कंबर मोडायला पुरेसं असतं. वर्षाला वाचणाऱ्या थोड्या पैशांसाठी मी हे घेणार होते. तुम्ही मात्र सांगितलंत, काही सोडायचंच असेल तर मॅटर्निटी सोड, जिमचे पॉइंट सोड, परदेशातलं कव्हर सोड. को-पे (प्रत्येक बिलाचा ठरावीक हिस्सा आपण भरायची अट) आणि रूम रेंट यांत तडजोड नको.

मोठं कव्हर कमी पैशात कसं मिळतं, हे सुपर टॉप-अपचं कोडंही तुम्हीच सोडवलंत. मूळ पॉलिसी ५ लाखांची आणि तिच्यावर ५ लाख डिडक्टिबल असलेला, म्हणजे ५ लाखांच्या वरचाच खर्च देणारा, २० लाखांचा सुपर टॉप-अप. समजा एकाच वर्षात ४-४ लाखांची दोन बिलं झाली. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज पाहतो, ८ लाख, म्हणून वरचे ३ लाख तो देतो. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक बिल वेगळं मोजतात. दोन्ही बिलं ५ लाखांच्या आतली, म्हणून तो एक रुपयाही देत नाही. नावात फक्त ‘सुपर’चा फरक! सुपर टॉप-अप मी नोकरीत असतानाच घेतला, ग्रुप पॉलिसीच्या वर. वेटिंग पिरियडचं घड्याळ तेवढे महिने आधी सुरू झालं, तेही तुमच्यामुळेच.

तुम्ही आणखी एक तक्ता करायला लावलात, जो कुणी करत नाही. आजचा प्रीमियम बघायचा नाही; ५५, ६०, ६५ आणि ७० व्या वर्षी आजच्या दराने तो किती आहे ते कंपनीच्या चार्टमधून काढायचं, वर दरवाढ धरायची आणि तेवढी रक्कम निवृत्तीच्या पैशातून बाजूला ठेवायची. ६० वर्षांवरच्यांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी, म्हणजे विमा नियामकाशी, बोलावं लागतं, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. पण आम्ही तर साठीच्या आतले. तो तक्ता पाहून मी राजीनामा काही महिने पुढे ढकलला. रागही आला होता थोडा, तेव्हा. त्या जादा महिन्यांच्या पगारातून वेगळा औषधपाण्याचा फंड उभा राहिला, आज ह्यांच्या गोळ्या आणि तपासण्या त्यातूनच होतात.

कर वाचतो म्हणून विमा घेणाऱ्यांवर तुमचा जरा रोष आहे. आरोग्य विम्याच्या प्रीमियमवरची २५,००० रुपयांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि नोकरी सोडलेल्या माणसाला बहुधा नवीच सोयीची पडते. ते गणितात धरूच नको म्हणालात, मी धरलं नाही.

सरकारी योजनांकडे नाक मुरडू नका, हे तुमचं सांगणं आमच्या घरी फार मोलाचं ठरलं. सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं कव्हर मिळतं हे २०२४ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालं, पण ते आपल्यासाठी आहे असं आम्हाला वाटलंच नव्हतं. तुमच्या सांगण्यावरून त्यांचं आधार घेऊन कार्ड काढलं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणती हॉस्पिटल येतात, तेही बघून ठेवायला सांगितलंत. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ कमी पगाराच्या नोकरीतून मुदतीआधी निवृत्त झाले. किमान पाच वर्षं ईएसआय या कामगारांच्या सरकारी विमा योजनेत विमाधारक असलेल्या माणसाला निवृत्तीनंतरही वर्षाला १२० रुपये भरून पती-पत्नीची वैद्यकीय सोय चालू ठेवता येते, हे तुम्ही त्यांना सांगितलंत. त्यांच्या बायकोने तुम्हाला केलेला फोन माझ्यासमोरच आला होता.

परवा आमच्या पॉलिसीचं पहिलं रिन्युअल झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, त्यामुळे पावतीवर ती ओळ यंदा नव्हती. ह्यांनी पावती तुमच्यासाठी वेगळी काढून ठेवली आहे, बघायला मागाल म्हणून. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ह्यांचा मधुमेह, तारखेसकट, आणि ते फॅटी लिव्हरसुद्धा छापून आलं आहे. ते पान मी अधूनमधून उघडून बघते.

माझ्या जुन्या ऑफिसातल्या आणखी एक जण पुढच्या वर्षी नोकरी सोडताहेत, त्यांना थायरॉइड आणि बीपी दोन्ही आहे. त्यांना मी तुमच्याकडे पाठवू का? रिपोर्टची फाइल तारखेनुसार लावून आणायला सांगितलं आहे, आणि राजीनामा अजून दिलेला नाही.

ताई, तुमच्या वेळेचे, तुमच्या चहाचे आणि आम्हाला दोनदा परत पाठवून फॉर्म नव्याने लिहायला लावलात त्या चिकाटीचे, आम्हा दोघांकडून मनःपूर्वक आभार.

तुमची,
एक निवृत्त कर्मचारी