काठमांडूचं चटपटे, दोघांपुरतं

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, चटपटे म्हणजे नेपाळी भेळ असं धरून करायला घेऊ नकोस, म्हणून जरा सविस्तर लिहिते. चुरमुरे, कांदा, बटाटा इथवर दोन्ही सारखे. पुढे मात्र चिंच-गुळाची चटणी नाही, गोडाचा थेंब नाही. आंबटपणा सगळा लिंबाचा, आणि चव मोहरीच्या तेलाची. तेल वगळलंस तरी चांगलं लागेल, पण काठमांडूत रत्नपार्कच्या आसपास कागदाच्या पुडीत मिळतं ते नव्हे. तिथे ते चमच्याने नाही, पुठ्ठ्याच्या तुकड्याने खातात.

दोघांना पुरेल असं प्रमाण: चुरमुरे २ मोठ्या वाट्या, वायवाय नूडल्सचं अर्धं पाकीट, उकडलेला मध्यम बटाटा १, भिजवून उकडलेले हरभरे किंवा वाटाणे अर्धी वाटी, लहान कांदा १, लहान टोमॅटो १, काकडी अर्धी, हिरव्या मिरच्या २, मूठभर कोथिंबीर, १ लिंबू, मोहरीचं तेल २ लहान चमचे, लाल तिखट अर्धा चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा चमचा, काळं मीठ पाव चमचा.

वायवायच घ्या. ते नूडल्स आधीच तळून मसाला लावलेले असतात, त्यामुळे कोरडे चुरले तरी चव लागते. पांढरे साधे नूडल्स तसे खाल्ले तर पिठूळ लागतात. पाकिटातल्या मसाल्याच्या पुडीत मीठ भरपूर असतं. बाबांच्या बीपीचा विचार करून चिमूटभरच घाल आणि वेगळं साधं मीठ चव बघितल्याशिवाय घालू नकोस.

बिघडतं ते जवळजवळ नेहमी पाण्यामुळे. चुरमुरे आधी मंद आचेवर ३-४ मिनिटं परतून घे. बोटांत दाबल्यावर कट्कन मोडायला हवेत. टोमॅटो आणि काकडीच्या बिया काढून टाक. बटाटा पूर्ण गार झाल्यावरच चिर. गरम असेल तर मिसळताना त्याचा लगदा होतो आणि वाफेने चुरमुरे मऊ पडतात. चिरलेल्या काकडी-टोमॅटोला मीठ लावून ठेवू नकोस, पाणी सुटतं.

आता मिसळण्याचा क्रम, आणि तो बदलायचा नाही. खोलगट पातेल्यात बटाटा, हरभरे, कांदा, मिरची, सगळे मसाले, तेल आणि लिंबाचा रस एकत्र कर. बटाट्याला मसाला नीट बसला की टोमॅटो, काकडी, कोथिंबीर. चुरमुरे आणि चुरलेले नूडल्स अगदी शेवटी. तळापासून दहा-बारा वेळा भराभर वरखाली करायचं आणि लगेच वाढायचं. पाच मिनिटं ठेवलंस तर कुरकुरीतपणा गेला.

बाबा, तुमच्या दातांना कोरडे नूडल्स टोचतील. तुमच्या वाट्याचे नूडल्स बटाट्याबरोबरच लिंबाच्या रसात मिसळा आणि ४-५ मिनिटं थांबा, जरा नरम होतील. चुरमुरे मात्र शेवटीच घाला.

कच्च्या मोहरीच्या तेलाचा झणका नाकात जातो. सवय नसेल तर तेल धूर येईपर्यंत तापवून गार करून घ्या. तिखट वास बराच उतरतो, चव राहते.

तिखटाबद्दल एक. गाडीवाला आधी विचारतो, ‘पिरो कति?’ म्हणजे तिखट किती. पूर्व नेपाळातली गोल लाल डल्ले खुर्सानी कुणी आणून दिलीच, तर दोघांत पाव मिरचीच घाला. आपल्या लवंगीच्या अंदाजाने घालाल तर एक घासही खाता येणार नाही. पहिल्यांदा करताना हिरव्या मिरच्याही एकच चिरा. तिखट नंतर वाढवता येतं, पडलेलं काढता येत नाही. फार झालंच तर बटाटा वाढवा, पाणी पिऊन जळजळ थांबत नाही.

हरभरे जास्त उकडले गेले तर फ्रीजमध्ये दोन दिवस राहतात. मिसळलेलं चटपटे मात्र ठेवू नका.

तुमची लेक