लेबर रूममध्ये उशा तरी द्या

महोदय,

तीस वर्षे लेबर रूममध्ये काढली, पण भुईमुगाच्या शेंगेसारखा तो फुगवलेला चेंडू, ‘पीनट बॉल’, पाहिला सुनेच्या बाळंतपणात. तोही आम्हीच घरून नेलेला. तिचं वजन ९६ किलो. एपिड्युरलनंतर (कळा जाणवू नयेत म्हणून पाठीतून देतात ते औषध) पाय उचलेना. डाव्या कुशीवर वळवून गुडघ्यांत चेंडू ठेवला, अर्ध्या तासाने कूस बदलली. आम्ही मात्र अशा बायकांना उताणंच झोपवायचो, वर ‘जाड आहे, जोर लावत नाही’ म्हणून ओरडायचो! उताणं झोपलं की पोटाच्या भाराने मोठी शीर दबते, हे शिकलेलो असूनही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच कळांमध्ये हालचाल करू द्या, असं सांगितलंय. सरकारी दवाखान्यांत चेंडू नाही, तर निदान रुंद खाट आणि गुडघ्यांत ठेवायला दोन जाड उशा मिळाव्यात.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा